खोऱ्यांची मुखे व त्यांवरील पूल

जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांत सह्याद्रीच्या मुख्य रांगेतून पूर्वेकडे डोंगरांच्या सोंडा फुटतात व त्यांच्या दरम्यान समांतर खोरी पडतात. घोड, मीना व कुकडी या नद्या पश्चिमेस उगम पावून पूर्वेकडे वाहतात. घोडनेर, मीननेर, कुकडनेर ही खोऱ्यांची जुनी नावे त्यांवरूनच पडली. पुणे-नाशिक रस्ता मात्र दक्षिणोत्तर जात असल्यामुळे तो या नद्या आडव्या ओलांडतो: कळंब येथे घोड, नारायणगाव येथे मीना आणि पुढे आळेफाट्याच्या अलीकडे कुकडी. यांतील प्रत्येक पूल म्हणजे एकेका डोंगरी खोऱ्याचा उंबरठाच होय.

प्राचीन काळी या प्रदेशाचे प्रसिद्ध द्वार पश्चिमेस, नाणेघाटात होते. तेथील सातवाहनकालीन लेण्यात राणी नागनिकेचा लेख आहे. तो मार्ग मुख्यतः कोकणातून घाटमाथ्यावर येणाऱ्या व्यापाऱ्यांचा. खोऱ्यांत राहणाऱ्या महादेव कोळी व इतर कुटुंबांचा व्यवहार मात्र पूर्वेकडे वळला आहे. हिरडा विकावयाचा, दवाखाना गाठावयाचा किंवा कचेरीत जावयाचे, तर नदीकाठाने खाली उतरावे लागते.

परंतु मुखाशी पूल असला म्हणजे खोरे खुले झाले, असे म्हणता येत नाही. डोंगरी ओढ्यांना पूर लवकर चढतो व लवकर ओसरतो. खर्च वाचावा म्हणून त्यांवर अनेकदा फरशी किंवा साकव बांधतात. फरशीवरून पाणी वाहू लागले की पलीकडील वाड्यांची वाट काही तास बंद पडते. प्रसूतीच्या वेळी हे काही तासही फार ठरतात. घोड नदीवरील डिंभे धरणामुळे या प्रश्नात आणखी भर पडली. ज्या आंबेगावावरून तालुक्यास नाव मिळाले ते गाव व खोऱ्याच्या तळातील जुनी वाट जलाशयाखाली गेली. काठच्या गावांचे दळणवळण डोंगराच्या बगलेतील रस्त्यांवर आले.

३० जुलै २०१४ रोजी याच परिसरातील माळीण गावावर दरड कोसळून दीडशेहून अधिक माणसे मृत्यू पावली. गाव दिसत नाही, ही गोष्ट प्रथम एस.टी.च्या बसचालकाच्या ध्यानात आली. भर पावसात बस तेथवर पोहोचू शकली, म्हणूनच ही वार्ता त्याच्याकरवी बाहेर आली.

तात्पर्य, डोंगरी मुलखाच्या द्वाराची योग्यता महामार्गावरील पुलाच्या लांबीरुंदीवरून ठरत नाही. शेवटच्या वाडीपर्यंतच्या वाटेतील सर्वांत दुबळी फरशी पावसाळ्यात किती काळ उघडी राहते, यावरच ती ठरते.