चिडिया रोजा

लहान मुलांवर रोजे फर्ज नाहीत. म्हणून आमच्याकडे हौसेखातर त्यांना दुपारपर्यंतचा ‘चिडिया रोजा’ ठेवू देतात. सात वर्षांच्या धाकटीला तो मंजूर नाही. “मी काय चिमणी आहे?” दुपारच्या अजानीला मी पाण्याचा ग्लास पुढे केला, तर तिने तो कुंडीतल्या पुदिन्याला घातला!

इथवर कौतुकच. पण परवा इफ्तारआधी मी भजी तळत होते, तिचे अब्बा तसबीह घेऊन दस्तरखानावर बसलेले. “अम्मी, रोजा तुमचाही आहे, अब्बांचाही. मग कढईपाशी एकट्या तुम्हीच का?”

कॉलेजात या विषयावर मी तासभर बोलते. घरात वीस वर्षांत विचारले नव्हते. अब्बा उठून कलिंगड चिरायला बसले. फोडी ओबडधोबड झाल्या. धाकटीने त्या मोजून सगळ्यांना वाढल्या. अब्बांना एक कमी.