संगणकांतील पंख्याची घरघर : कारणें व उपाय

यंत्र आवाज करूं लागलें कीं तें आपणांस त्रास देतें, असें आपण समजतों. परंतु पुष्कळदां तो आवाज म्हणजे यंत्राचें गाऱ्हाणें असतें. तें नीट ऐकून न घेतां यंत्राचें तोंड बंद करणें शहाणपणाचें नव्हे. अभ्यासाच्या मेजाखालीं ठेवलेल्या संगणकाची रात्रीच्या शांततेंत जी घरघर चालते, ती याच जातीची होय. ती कशी उत्पन्न होते व कशी कमी करितां येते, याचा विचार आम्ही येथें करणार आहों.

संगणकाच्या कॅबिनेटमध्यें मागील बाजूस पत्र्याची एक पेटी असते. तिला बाजारांत 'एसएमपीएस' म्हणतात. भिंतींतून येणारा २३० व्होल्टांचा, क्षणोक्षणीं दिशा बदलणारा प्रवाह घेऊन त्यापासून १२, ५ व ३.३ व्होल्टांचे एकाच दिशेनें वाहणारे प्रवाह तयार करणें, हें तिचें काम. या रूपांतरांत कांहीं वीज वायां जाते व तिची उष्णता होते. समजा, संगणकास ३०० वॅट वीज हवी आहे आणि पेटीची कार्यक्षमता शेंकडा ८० आहे; तर पेटी भिंतींतून ३७५ वॅट घेईल व वरच्या ७५ वॅटांची उष्णता पेटींतच निर्माण होईल. कार्यक्षमता शेंकडा ९० असेल, तर हीच उष्णता सुमारें ३३ वॅटांवर येईल. ती बाहेर घालविण्यासाठींच पंखा दिलेला असतो. पेटींतील 'कॅपॅसिटर' नांवाच्या भागांस उष्णता फार बाधते; तपमान दहा अंश सेल्सिअसनें चढलें, तर त्यांचें आयुष्य सुमारें निम्म्यानें घटतें, असा यंत्रज्ञांचा ढोबळ नियम आहे. तात्पर्य, ज्याचा आवाज आपणांस नकोसा होतो, तो पंखाच पेटीचा रक्षक होय.

आतां प्रथम आवाज कोठून येतो तें ठरवावें. कारण प्रोसेसरवर व कॅबिनेटलाहि निराळे पंखे असतात. १८१६ सालीं पॅरिस येथील लेनेक नांवाच्या डॉक्टरानें कागदाची गुंडाळी रोग्याच्या छातीशीं लावून हृदयाचे ठोके ऐकले व त्यांतूनच पुढें स्टेथॉस्कोप निघाला. तीच युक्ति येथें उपयोगी पडते. वर्तमानपत्राची लांब नळी करून तिचें एक टोंक कानाशीं व दुसरें निरनिराळ्या जाळ्यांच्या बाहेर, थोडें दूर धरावें. अपराधी कोण, तें तत्काळ कळतें.

त्यानंतर आवाजाची जात ओळखावी. वाऱ्यासारखा एकसारखा सूं सूं आवाज असेल, तर पंखा वेगानें फिरत आहे; म्हणजे पेटी तापली आहे अथवा तिचा श्वास धुळीनें कोंडला आहे. खरखर किंवा करकर असेल, तर बेअरिंगांतील वंगण सुकलें आहे. टक् टक् असा ठेका असेल, तर एखादी तार पात्यांस लागत असावी. कॅबिनेटच्या पत्र्यावर हात दाबून धरतांच आवाज थांबला, तर दोष पंख्याचा नसून ढिल्या स्क्रूचा आहे. आणि बारीक शिटीसारखा आवाज कामाबरोबर कमीजास्त होत असेल, तर तो बहुधा तारेच्या वेटोळ्यांचा असतो. पंखा बदलून तो जाणार नाहीं.

उपाय सोपे आधीं करावेत. कॅबिनेट भिंतीला चिकटून किंवा बंद कपाटांत असेल, तर तें पुढें ओढून मागें वीतभर जागा मोकळी ठेवावी. स्क्रू आवळावेत, पायांखालीं जाड नमद्याचे तुकडे द्यावेत. मग संगणक बंद करून, भिंतीवरील बटण बंद करून व वायर काढून, पेटीच्या जाळीवरील धूळ मऊ कुंचल्यानें बाहेरूनच झाडावी. ब्लोअर वापरल्यास झोत दुरून व थोडा थोडा मारावा. त्याच्या जोरानें पंखा भोवऱ्यासारखा फिरूं दिल्यास बेअरिंग बिघडतें. पेटी नुसती धुळीनें कोंडली असेल, तर एवढ्यानेंच पंख्याचा वेग उतरतो. कारण अलीकडच्या बहुतेक पेट्यांत हा वेग तपमानाप्रमाणें आपोआप बदलतो.

कित्येक हौशी लोक १२ व्होल्टांच्या पंख्यास ७ व्होल्टच देऊन त्याला मंद करितात. पंख्याचा वेग निम्मा केला, तर आवाज सुमारें १५ डेसिबेलनें उतरतो हें खरें. परंतु वाऱ्याचा पुरवठाहि निम्म्यावर येतो, आणि कमी दाबामुळें पंखा कधीं कधीं सुरूच होत नाहीं. शांतता मिळते, पण पेटी आंतल्या आंत भाजत राहते. याहून चांगला मार्ग मोठ्या पंख्याचा. ८० मिलिमीटर व्यासाच्या पंख्याऐवजीं १२० मिलिमीटरचा घेतला, तर वर्तुळाचें क्षेत्रफळ सव्वादोन पट होतें; म्हणून तो सावकाश फिरूनहि तेवढाच वारा देतो. जुन्या पेटींत मोठा पंखा मावत नसल्यानें, नवी पेटी घेतांना मोठा पंखा व अधिक कार्यक्षमता या दोन्ही गोष्टी पाहाव्यात.

खरखरणाऱ्या बेअरिंगांत शिवणयंत्राच्या तेलाचे एकदोन थेंब घातल्यास कांहीं काळ आराम पडतो. खोबरेल मात्र घालूं नये. तें थंडींत थिजतें, हें घरांतील बाटलीच सांगेल. पण खरा उपाय म्हणजे त्याच मापाचा, त्याच व्होल्टांचा व वारा त्याच दिशेस फेंकणारा नवा पंखा बसविणें. ही दोन्ही कामें पेटी उघडल्यावांचून होत नाहींत, आणि येथेंच आम्हांस विद्यार्थ्यांस निक्षून सांगावयाचें आहे कीं पेटी उघडूं नका. तिच्यांतील मोठ्या कॅपॅसिटरांत ३०० व्होल्टांहून अधिक दाबाचा विद्युत्संचय असतो, व वायर काढल्यावरहि तो कांहीं काळ टिकून राहूं शकतो. त्याचा धक्का प्राणघातक ठरूं शकतो. जाळींतून तार, सुई किंवा स्क्रूड्रायव्हर घालणेंहि तितकेंच घातक. हें काम माहितगार दुरुस्ती करणाऱ्याकडेच सोंपवावें. पालकांनीं तेथें चार पैसे वांचविण्याचा मोह धरूं नये.

शेवटीं एक सूचना. घरघर एकाएकीं थांबली, तर आनंद मानण्यापूर्वीं पंखा फिरतो कीं नाहीं तें जाळींतून पाहावें. कांहीं नव्या पेट्यांत काम थोडें असतां पंखा मुद्दाम थांबतो. परंतु नेहमीं फिरणारा पंखा थांबला असेल किंवा जळका वास येत असेल, तर संगणक ताबडतोब बंद करावा. पंख्याची घरघर त्रासदायक खरी, पण ज्या पंख्यानें वारा घातला पाहिजे त्याचें मौन त्याहून अधिक भयावह होय.