रॅकेट घेताना : जोर किती, बचाव किती?
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

नोव्हेंबर लागला की आमच्या यवतमाळात गल्लोगल्ली दोन बांबू रोवले जातात, मधे जाळी बांधली जाते आणि वरून दोनशे वॅटचा दिवा सोडला जातो. वणी, पुसद, दारव्हा, दिग्रस, कुठेही जा, थंडीच्या रात्री हेच दृश्य. यातली काही मुलं पुढे संकुलातल्या हॉलमध्ये येतात, शाळेच्या स्पर्धा खेळतात, आणि मग पालक मला गाठतात. मी मुलांना बॅडमिंटन शिकवतो आणि रॅकेटचं गटिंगही करून देतो, त्यामुळे प्रश्न माझ्याकडेच येतो. "सर, स्मॅश चांगला बसेल अशी रॅकेट सांगा."

कोणी येऊन "स्मॅश चांगला उचलता येईल अशी सांगा" असं म्हणत नाही. आणि खरी अडचण तिथेच आहे.

सात्विकसाईराज रंकीरेड्डीने 2023 साली ताशी 565 किलोमीटर वेगाचा स्मॅश मारून विक्रम केला. त्याआधीचा विक्रम मलेशियाच्या टॅन बून हिओंगचा, 2013 मधला, ताशी 493 किलोमीटरचा. हे आकडे मुलांना पाठ असतात. पण हा वेग शटल रॅकेटवरून सुटतानाचा आहे आणि तो सामन्यात नव्हे, मुद्दाम केलेल्या चाचणीत मोजलेला आहे. शटल म्हणजे पाच ग्रॅमच्या आसपास वजनाचं, सोळा पिसांचं फूल. हवा त्याला असं काही अडवते की समोरच्यापर्यंत पोहोचेपर्यंत वेग निम्म्याहून खूप खाली आलेला असतो. म्हणूनच तो परतवता येतो. दुसरी गोष्ट अशी, की सात्विक आणि आपल्या मुंबईचा चिराग शेट्टी यांनी 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवलं, ते काही नुसत्या स्मॅशच्या बळावर नाही. दुहेरीत समोरचा सलग चार-पाच स्मॅश अंगावर मारतो, ते परतवणाराच सहावा फटका मारायला शिल्लक राहतो.

आता रॅकेटकडे येऊ. तिचं एकूण वजन आणि तिचा तोल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुकानात मूल रॅकेट हातात घेतं, "हलकी आहे" म्हणतं आणि घेऊन जातं. हलकी असेलही, पण तिचं वजन आहे कुठे?

कुऱ्हाडीचं उदाहरण घ्या. दांड्याच्या टोकाला धरून ती फिरवली तर लाकूड फुटतं, पण मधेच दिशा बदलता येत नाही. तीच कुऱ्हाड उलटी, पात्याजवळ धरून फिरवा, काडीसारखी फिरते. वजन तेच, फक्त हातापासून किती दूर आहे त्यावर सगळं ठरतं. आणि अंतर दुप्पट झालं तर फिरवायला लागणारी ताकद दुप्पट नव्हे, चौपट होते. रॅकेटचं डोकं जड असेल तर वरून मारलेल्या फटक्यात जोर येतो, कारण तिथे हात मागे नेऊन पूर्ण फिरवायला वेळ असतो. बचावात तो वेळ नसतो. शटल कमरेवर किंवा खांद्यावर आलेलं असतं, हात मागे जात नाही, नुसत्या मनगटाने आणि बोटांनी रॅकेट आडवी आणायची असते. तिथे जड डोकं उशिरा पोहोचतं.

तोल मोजायला यंत्र लागत नाही. रॅकेट एका बोटावर आडवी ठेवा, जिथे ती स्थिर राहील तिथे खूण करा आणि मुठीच्या बुडापासून टेपने अंतर मोजा. गट न लावलेल्या रॅकेटचं हे अंतर साधारण 285 ते 295 मिलिमीटर असेल तर तोल मधला समजायचा. त्याहून जास्त म्हणजे डोकं जड, कमी म्हणजे डोकं हलकं. गट लावल्यावर हाच आकडा एखाद्या सेंटिमीटरने वर सरकतो, कारण चार-पाच ग्रॅम गट सगळं डोक्याकडेच बसतं. तेव्हा दोन रॅकेटी ताडून पाहताना दोन्ही गटसह किंवा दोन्ही गटाविना मोजाव्यात.

वजनासाठी रॅकेटवर खुणा असतात. योनेक्स कंपनीच्या पद्धतीत 3यू म्हणजे 85 ते 89.9 ग्रॅम आणि 4यू म्हणजे 80 ते 84.9 ग्रॅम. यू पुढचा आकडा वाढला की वजन कमी. इतर काही कंपन्यांच्या खुणा वेगळ्या आहेत. मी पालकांना सांगतो, शंका असेल तर सराफाच्या काट्यावर ठेवा. ओळखीचा सराफ नाही म्हणत नाही. नामांकित कंपन्यांच्या नकली रॅकेटी बाजारात पुष्कळ फिरतात, आणि खुणेत लिहिलेलं वजन काट्यावर जुळत नसेल तर सावध व्हायला तेवढं कारण पुरे.

दोन वर्षांपूर्वी नेरकडच्या एका गावाहून एक गृहस्थ मुलीला घेऊन आले. मुलगी नववीत, दुहेरी खेळणारी, जिल्ह्यात जिंकून अमरावती विभागाच्या स्पर्धेला जायची होती. कापूस विकून झाला होता. कुणा नामवंत खेळाडूची म्हणून सांगितलेली, डोकं जड आणि दांडी एकदम ताठ असलेली रॅकेट घ्यायचं त्यांनी ठरवलं होतं. किंमत अशी, की त्यात घरात दुसऱ्या दोन-तीन गोष्टी झाल्या असत्या. ते म्हणाले, "पोरगी हरते ते फटक्यात जोर नाही म्हणून हरते जी. एकदाच चांगली घेऊन देतो."

मी त्यांना बाकावर बसवलं आणि मुलीला अर्धा तास खेळवलं. तिचे गुण जात होते ते सगळे अंगावर आलेल्या फटक्यांवर. हातातली रॅकेट उसनी होती, जड, आणि गट चांगलंच ताणून बसवलेलं. कोपर दुखतं का, विचारलं तर तिने आधी वडिलांकडे पाहिलं आणि मग मान हलवली. वडिलांना ते ठाऊक नव्हतं. दुखतं म्हटलं तर खेळणं बंद होईल, म्हणून तिने घरी सांगितलंच नव्हतं.

आम्ही घेतली ती 4यू वजनाची, मधल्या तोलाची, जरा लवचीक दांडीची रॅकेट. ठरवलेल्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शात आली. गट 21 पाउंडांवर बसवलं. पहिले तीन आठवडे स्मॅश बंद, नुसता बचाव. कोपरासाठी डॉक्टरांना दाखवून घ्या, असंही बजावलं, कारण रॅकेट बदलली म्हणून दुखणं आपोआप जातंच असं नाही. विभागात त्या मुली दुसऱ्या फेरीत हरल्या. पण तिसऱ्या गेमपर्यंत सामना नेला, आणि वडील मला फोनवर गुणांपेक्षा कोपराबद्दलच जास्त बोलले.

गटाविषयी मोठा गैरसमज आहे. जितकं ताणाल तितका जोर, असं मुलांना वाटतं. प्रत्यक्षात उलट आहे. जरा सैल गट शटलला उडी देतं, उसळवतं. शिवाय फटका थोडा मधोमध नाही बसला तरी चालून जातं. ताणलेल्या गटाने शटल नेमकं जातं, पण जोर स्वतःच्या हातातून काढावा लागतो आणि फटका चुकला तर धक्का कोपराला. आंतरराष्ट्रीय खेळाडू 28-30 पाउंड ठेवतात, कारण त्यांचा फटका दहातले नऊ वेळा मधोमध बसतो. शाळकरी मुलांना 20 ते 22 पुष्कळ झालं, वर्ष-दोन वर्षं नियमित खेळणाऱ्याला 23-24. दांडीच्या वरच्या अंगाला कमाल मर्यादा छापलेली असते, ती ओलांडून मागू नये. बचावातही सैल गट मदत करतं. नुसती रॅकेट आडवी धरली तरी शटल जाळीपलीकडे जातं.

दांडीचं थोडक्यात. ताठ दांडी झटकन फिरणाऱ्या, तयार हातासाठी. ज्याचा हात अजून तेवढा वेगवान नाही त्याला थोडी वाकणारी दांडी जोर मिळवून देते.

मुठीकडे मात्र कुणी लक्ष देत नाही. बचावात मूठ सैल धरायची आणि शटल लागण्याच्या क्षणी बोटं आवळायची असतात. मूठ जाड असेल तर बोटं आवळायला जागाच उरत नाही. म्हणून बारीक मूठ घ्यावी आणि वरून हवी तेवढी ग्रिप गुंडाळावी. उन्हाळ्यात आमच्याकडे हाताला इतका घाम येतो की कापडी ग्रिप बरी पडते. ग्रिपबद्दल एक गंमत सांगतो. पाच ग्रॅमची ग्रिप वरून गुंडाळली तर बोटावरचा तोल जवळजवळ एक सेंटिमीटर मुठीकडे सरकतो. पण त्यामुळे डोक्याचं वजन कमी होत नाही. आकडा बदलतो, हाताला बरं वाटतं, पण जड डोक्याची रॅकेट त्याने चपळ होत नाही. डावखुऱ्या मुलांचे पालक वेगळी रॅकेट मागतात. तशी काही नसते. 2022 मध्ये दिल्लीत सायना नेहवालला सरळ दोन गेममध्ये हरवणारी नागपूरची मालविका बनसोड डावखुरीच. डावखुऱ्यांनी फक्त ग्रिप उलट दिशेने गुंडाळावी.

मग निवड कशी करायची? एकेरी खेळणाऱ्या, हाताने तयार मुलाला थोडं जड डोकं चालेल. दुहेरीत मागून मारणारा आणि जाळीजवळ खेळणारा यांच्या गरजा वेगळ्या. योनेक्सने 2018 मध्ये अ‍ॅस्ट्रॉक्स 88 या एकाच नावाखाली दोघांसाठी दोन वेगळ्या रॅकेटी काढल्या, त्या याच विचाराने. त्याच कंपनीची नॅनोफ्लेअर ही मालिका हलक्या डोक्याची, तर आर्कसेबर मधल्या तोलाची. पण शाळेतलं मूल आज एकेरी खेळतं, उद्या दुहेरी, परवा मिश्र. त्याला मधल्या तोलाचीच घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. जोर सरावाने वाढवता येतो. बचावाला रॅकेट उशिरा पोहोचत असेल तर मूल हळूहळू शटलला भ्यायला लागतं, आणि ती भीती काढायला फार वेळ जातो.

नंदू नाटेकरांनी 1956 साली क्वालालंपूरला परदेशातलं विजेतेपद मिळवलं, तसं करणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू. तो लाकडी चौकटींचा जमाना होता. पावसाळ्यात रॅकेट वाकू नये म्हणून ती चार स्क्रूंच्या साच्यात आवळून ठेवत. आताच्या ग्राफाइटला दमटपणाचं भय नाही, पण उन्हाचं आहे. मे महिन्यात यवतमाळात पारा 43-44 वर जातो, तेव्हा बंद गाडीत किंवा मोटरसायकलच्या डिकीत रॅकेट ठेवू नका. गट सैल पडतं आणि चौकटही कमकुवत होते. त्याच दिवसांत हवा विरळ झाल्याने शटलही लांब जातं आणि सगळ्यांनाच आपण सात्विक झाल्यासारखं वाटतं. त्या दिवसांत पिसांचं शटल कमी वेगाच्या क्रमांकाचं, 77 ऐवजी 76, घ्यावं.

आणि गट तुटलं तर रॅकेट तशीच पिशवीत टाकून आठवडाभराने माझ्याकडे आणू नका. एका बाजूचा ताण गेला की चौकट दुसरीकडे ओढली जाते. लगेच कात्री घ्या, मधल्या भागापासून सुरुवात करून उरलेलं सगळं गट कापून टाका, आणि मग सवडीने या.