गल्ल्यात ६० नाणी, रक्कम १८९ रुपये: दोनची किती, पाचची किती?

किराणा दुकानाच्या गल्ल्यात दोन आणि पाच रुपयांची मिळून ६० नाणी आहेत. रक्कम १८९ रुपये. मग दोनची नाणी किती?

दहावीच्या बीजगणितातला हा ओळखीचा प्रश्न. गाडी अडते ती एकाच ठिकाणी: नाण्यांची संख्या आणि त्यांची किंमत यांची गल्लत होते. दोनची नाणी ‘क्ष’ मानली, तर त्यांचे रुपये २क्ष. उरलेली (६० − क्ष) नाणी पाचची, त्यांचे रुपये ५(६० − क्ष).

२क्ष + ५(६० − क्ष) = १८९
३०० − ३क्ष = १८९
क्ष = ३७

म्हणजे दोनची ३७, पाचची २३. पडताळा: ७४ + ११५ = १८९.

हे ३०० आले कुठून? सगळी नाणी पाचची धरली तर होणारी ही रक्कम. पाचच्या एका नाण्याजागी दोनचे ठेवले की ३ रुपये कमी होतात. १११ रुपये कमी करायचेत, म्हणून ३७ वेळा. तोंडी हिशेबाचा रस्ताही हाच.

आणि रक्कम १९० भरली तर? ११० ला ३ ने भाग जात नाही, आणि अर्धे नाणे तर नसते. म्हणजे समीकरण बरोबर आहे, मोजणी चुकली आहे. किंवा एक रुपयाची दोन नाणी त्यात मिसळली असतील. मग दोनची ३४ आणि पाचची २४ धरून हिशेब जुळतो.