गणपतीच्या दिवसांतले दहा उपवास

परभणी जिल्ह्यातल्या जिंतूरपासून तीन-चार किलोमीटरवर नेमगिरीचा डोंगर आहे. इथल्या जैन गुहांची दारं इतकी बुटकी, की वाकल्याशिवाय आत शिरता येत नाही. आत मात्र मूर्ती भल्यामोठ्या. या दारांतून त्या आत नेल्या कशा, हा प्रश्न पहिल्यांदा येणाऱ्या प्रत्येकाला पडतो. एका गुहेतली पार्श्वनाथांची मूर्ती तर जमिनीपासून किंचित वर, एका लहानशा दगडावर तोललेली आहे. भाविक तिला अंतरिक्ष पार्श्वनाथ म्हणतात.

परभणी जिल्ह्यात जैनांची वस्ती अगदी थोडी. पण ती उपरी नाही. मराठवाड्यातले सैतवाल जैन घरात मराठीच बोलतात, शेती आणि कापडाचा धंदा करतात. पंधराव्या शतकात जैन लेखक गुणकीर्तींनी ‘धर्मामृत’ मराठी गद्यात लिहिलं. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात या जैन परंपरेला मिळते त्याहून कितीतरी अधिक जागा मिळायला हवी.

हिंदू शेजाऱ्यांशी असलेलं नातं भाद्रपदात नीट दिसतं. चतुर्थीला गणपती बसतात आणि दुसऱ्याच दिवशी, पंचमीला, दिगंबर जैनांचं दशलक्षण पर्व सुरू होतं. ते संपतं अनंत चतुर्दशीला. म्हणजे बाहेर आरत्या, ढोल-ताशे आणि मोदक, तर जैन घरात त्याच दिवसांत उपवास, स्वाध्याय आणि पूजा. कुणी दिवसातून एकदाच जेवतं, कुणी दहाही दिवस निर्जळ किंवा फक्त पाण्यावर काढतं. कांदा, लसूण, बटाटा वर्ज्य. पाणी गाळून घ्यायचं. जेवण सूर्यास्ताच्या आत. पर्व संपलं की क्षमावाणी: वर्षभरात कुणाचं मन दुखावलं असेल, त्याची माफी मागायची. दिवाळीच्या अमावास्येलाही एकाच दिवशी असे दोन सण. सकाळी महावीरांच्या निर्वाणाचा लाडू मंदिरात चढवायचा. संध्याकाळी गावभर लक्ष्मीपूजन.

पंचांग एकच असलं तरी धर्म वेगळा आहे, पण केंद्राच्या दप्तरी अल्पसंख्याक म्हणून नोंद व्हायला 2014 उजाडावं लागलं. त्या वर्षी जानेवारीत केंद्राने जैनांना राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक समाजाचा दर्जा दिला. 2011च्या जनगणनेत देशभरात सुमारे 44.5 लाख जैन नोंदले गेले. त्यांतले सुमारे 14 लाख महाराष्ट्रात. एवढे दुसऱ्या कुठल्याही राज्यात नाहीत. पण राज्याच्या लोकसंख्येत हे प्रमाण सव्वा टक्क्याच्या आसपासच भरतं. म्हणूनच धर्माच्या रकान्यात ‘जैन’ असंच लिहा, असं आवाहन समाजातली मंडळी जनगणनेच्या वेळी करतात.