देवगांडूळ म्हणजे साप नव्हे

पावसाळा सुरू झाला की कोकणात आणि घाटमाथ्यावर बांध फोडताना, शेणखताचा ढीग उपसताना किंवा बागेत कुदळ मारताना वीतभर ते हातभर लांबीचा, काळसर-जांभळट, बुळबुळीत प्राणी बाहेर पडतो. बऱ्याचदा ‘विषारी साप’ म्हणून तो जागीच ठेचला जातो. तो साप नसतो, गांडूळही नसते. ते असते देवगांडूळ. बेडकाचे बिनपायांचे भावंड.

उभयचर प्राण्यांचे तीन गट आहेत. बेडूक आणि भेक हा पहिला. जगातील आठ हजारांहून अधिक उभयचर जातींपैकी सुमारे ८८ टक्के याच गटात येतात. दुसरा शेपटीवाल्या सॅलॅमँडर व न्यूट यांचा. भारतात ते दार्जिलिंग, सिक्कीम, मणिपूर अशा पूर्वेकडच्या डोंगराळ भागातच आढळतात. तिसरा देवगांडुळांचा. त्याच्या जाती जेमतेम सव्वादोनशे. त्यातील काही फक्त सह्याद्रीत आढळतात. आंबोलीत सापडलेल्या एका जातीची शास्त्रीय नोंद २००३ मध्ये झाली.

देवगांडुळाच्या अंगावर वळ्यांसारख्या खाचा असतात. बाहेरून खवले दिसत नाहीत. डोळे त्वचेखाली दडलेले, त्यामुळे नजर जवळपास नाहीच. ती उणीव डोळा आणि नाकपुडी यांच्यामधला इवलासा स्पर्शक भरून काढतो. गांडुळाला जबडा नसतो, देवगांडुळाला जबडा आणि दात दोन्ही असतात. वाळवी, मुंग्या, गांडुळे हा त्याचा आहार. अनेक जातींत मादी अंड्यांभोवती वेटोळे घालून राखण करते.

तिन्ही गटांना जोडणारा धागा म्हणजे त्वचा. माणसाची त्वचा पाणी अडवते, उभयचरांची ते आत घेते. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, पोटाखालच्या त्वचेतून शोषतो. प्राणवायूही ओल्या त्वचेतून रक्तात उतरतो. पण त्याच वाटेने कीटकनाशकेही शिरतात.

याच त्वचेवर कायट्रिड नावाच्या बुरशीने घाला घातला आहे. तिची लागण वाढली की त्वचेतून क्षारांची देवाणघेवाण बिघडते, रक्तातील सोडियम व पोटॅशियम घटते आणि अखेर हृदय थांबते. अतिदक्षता विभागात डॉक्टर ज्या क्षारांवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवतात, त्यांचाच हा खेळ. २०१९ च्या एका जागतिक आढाव्यानुसार या रोगामुळे किमान ५०१ जातींची संख्या घटली. त्यातील ९० बहुधा नामशेष झाल्या. अधिवास नष्ट होणे आणि हवामानबदल यांची भर पडून आज सुमारे ४१ टक्के उभयचर जाती धोक्यात आहेत.

बेडूक पिकांवरचे किडे खातो. त्याच्या तंगड्यांच्या निर्यातीवर भारताने १९८७ मध्ये बंदी घातली, त्यामागे हेही एक कारण होते. देवगांडुळाला असे संरक्षण मिळते ते ओळख पटली तरच.

देवगांडुळापासून माणसाला धोका नाही. तरीही ओळखीची खात्री नसेल तर सापासारख्या कोणत्याही प्राण्याला हात लावू नये, मारूही नये. दूर उभे राहावे, ते आपोआप ओल्या मातीत शिरते. साप चावल्याची नुसती शंका असली, तरी मात्र मांत्रिकाकडे वेळ न दवडता थेट रुग्णालय गाठावे.