दंतक्षयाचा जिवाणू: म्युटासिन, आयआरव्ही-ए आणि आरएनएचे नियमन

दातांवरच्या चिकट थरात, म्हणजे प्लाकमध्ये, स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स हा जिवाणू एकटा नसतो. जागा आणि साखर यांसाठी इतर जिवाणूंशी त्याची चढाओढ चालू असते. त्यासाठी तो म्युटासिन ही जिवाणूनाशक पेप्टाइडे बाहेर सोडतो. ती बनवायला ऊर्जा खर्ची पडते, म्हणून केव्हा बनवायची यावर पेशीचा ताबा असतो.

हा ताबा कोण ठेवतो? लक्स-एस हे जनुक एका संकेतरेणूच्या निर्मितीसाठी लागणारे विकर बनवते. ते निकामी केले तर म्युटासिन-१ चे उत्पादन एकदम घटते, असे दिसले. मग त्याच जिवाणूत यादृच्छिक बिघाड घडवून पाहिले, तेव्हा आयआरव्ही-ए हे जनुक बिघडल्यावर उत्पादन पूर्ववत झाले. लक्स-एस नसताना आयआरव्ही-ए वाढते, हेही कळले. ते एका नियामक प्रथिनाचे जनुक असल्याने, २००५ साली, हे प्रथिन म्युटासिनला रोखते असा अर्थ लावणे स्वाभाविक होते. तुम्हीही परीक्षेत तेच लिहिले असते.

२०१५ मध्ये मात्र याच जनुकाची दुसरी बाजू समोर आली. त्याच्या संदेशवाहक आरएनएत, प्रथिनाचा सांकेतिक भाग सुरू होण्याआधी, एक पट्टा आहे. तो जीबीपी-सी या दुसऱ्या जनुकाच्या आरएनएशी आधारकांच्या जोड्या जुळवून बसतो. त्यामुळे आरनेझ जे-२ वर अवलंबून असलेल्या मार्गाने होणारे त्या आरएनएचे विघटन टळते, जीबीपी-सी प्रथिन जास्त बनते आणि ताणाखाली पेशी डेक्स्ट्रानच्या आधाराने गठ्ठे करतात. यात आयआरव्ही-ए प्रथिनाचा हात नाही. ते स्वतंत्रपणे, बाहेरचा डीएनए आत घेण्याच्या क्षमतेचे नियमन करते.

पाठ्यपुस्तकांतले लघु आरएनए बहुधा प्रथिन बनवत नाहीत, आणि ई. कोलायमध्ये त्यांना एचएफक्यू या प्रथिनाची मदत मिळते. स्ट्रेप्टोकॉकसमध्ये एचएफक्यू नाही. येथे तर प्रथिनाचा निरोप नेणारा आरएनएच नियामक ठरला!

आता पुन्हा म्युटासिनकडे या. संपूर्ण जनुक काढले की प्रथिन आणि आरएनए दोन्ही जातात, म्हणून त्या प्रयोगातून कर्ता कोण हे ठरत नाही. त्याऐवजी आरंभ-संकेत एयूजी बदला. आरएनए राहील, प्रथिन बनणार नाही. उलट तपासणीसाठी फक्त जोडी जुळवणारा पट्टा बदला. परिणाम नाहीसा झाला, तर लक्ष्य आरएनएतही जुळणारा बदल करून तो परत येतो का ते पाहा.